परतांक

चार्वीचा परतांक चौदा आला, तेव्हा घरात पहिल्यांदा हसली ती तिची आईच.

"शंभरात चौदा? अगं, पाचवीत तुला गोवर आला होता तेव्हासुद्धा गणितात एवढे कमी पडले नव्हते," सुवर्णा म्हणाली. मग आणखी कुणीच हसत नाही हे बघून तिने हातातल्या फडक्याने स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

चार्वी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिचे वडील, शिवानंद तारदाळे, तो कागद डोळ्यांजवळ नेऊन तिसऱ्यांदा वाचत होते. आणि दाराच्या चौकटीला टेकून गिरिजाअक्का तिघांकडे आळीपाळीने बघत होती.

गिरिजाअक्का म्हणजे शिवानंदची मोठी बहीण. जयसिंगपुरात मुलींच्या शाळेत तिने चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ती भावाच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. गावातल्या निम्म्या बायका तिच्या विद्यार्थिनी, त्यामुळे ती सगळ्या गावाची अक्का होती. फक्त चार्वी तिला आत्ती म्हणायची.

"पस्तीस लागतात," चार्वी म्हणाली. "मला चौदा. विषय संपला."

तिला परदेशात जाऊन व्यवसाय व्यवस्थापन शिकायचं होतं. बर्गहाव्हन नावाच्या बंदराच्या शहरातल्या विद्यापीठाने तिला प्रवेश दिला होता. पत्र आलं त्या दिवशी शिवानंदने गल्लीत प्रत्येक घरी अर्धा किलो भडंग वाटलं होतं. तारदाळ्यांचा धंदाच तो. घरामागच्या शेडमध्ये रोज चिरमुऱ्यांची पोती उघडत आणि संध्याकाळपर्यंत लसूण-मिरचीच्या फोडणीचं कुरकुरीत भडंग होऊन पाकिटांतून सांगली-कोल्हापूरला जाई. पत्र आलं, भडंग वाटून झालं, राहिला होता तो फक्त व्हिसा. आणि तो या परतांकापाशी अडला.

पूर्वी व्हिसा देणारे अधिकारी कागद बघत. घराचा उतारा, बँकेचं पत्र, आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. विद्यार्थी शिकून परत येणार की तिकडेच राहणार, हे त्यांना कागदावरून ओळखायचं असे. कागद कसेही करता येतात, हे हळूहळू सगळ्यांनाच कळलं. मग मेंदूचा अभ्यास करणाऱ्या काही मंडळींनी एक साधी गोष्ट पुढे आणली. मेंदूच्या ज्या भागाच्या मदतीने माणूस जुन्या गोष्टी आठवतो, तोच भाग उद्याची कल्पना करतानाही कामाला लागतो. उद्याचं चित्र आपण कालच्या तुकड्यांतूनच जोडत असतो. म्हणून ज्या ठिकाणी माणूस मनाने खरोखर राहतो, तिथल्या उद्याविषयी बोलताना त्याच्या तोंडून बारीकसारीक गोष्टी आपसूक बाहेर पडतात. एखाद्याला विचारा, पुढच्या दिवाळीला काय करणार? घरी असणारा माणूस म्हणेल, "मागच्या दाराचा दिवा जळतच नाही, तो आधी बदलायला हवा." मनातून दूर गेलेला माणूस म्हणेल, "सगळे मिळून आनंदाने साजरी करू." दोघंही खोटं बोलत नाहीत. पण एकाच्या दिवाळीत दार आहे, दिवा आहे. दुसऱ्याच्या दिवाळीत नुसताच आनंद आहे.

यावरून एक यंत्र तयार झालं. ते एवढंच ऐकत असे. चाळीस मिनिटं अर्जदाराशी आणि वीस मिनिटं घरच्या एका साक्षीदाराशी, त्यांच्याच भाषेत, ते गप्पा मारी. बोलण्यातल्या जागा, माणसं, वार, अडचणी, आणि बोलताना कुठे थांबा पडला, हे सगळं ते टिपून घेई. मग आधी गेलेल्या लाखो विद्यार्थ्यांच्या बोलण्याशी ते ताडून बघे. कोण परत आलं, कोण नाही, हे त्याला माहीत असे. शेवटी ते एक आकडा देई. सरकारी भाषेत त्याचं नाव लांबलचक होतं. लोक त्याला परतांक म्हणत.

पाठ केलेलं बोलणं यंत्र लगेच ओळखी. नापास झालेल्याला तीन महिन्यांत एकदाच पुन्हा बसता येई.

"म्हणजे," शिवानंद कागद खाली ठेवून म्हणाला, "शंभर वेळा गेली तर शहाऐंशी वेळा येणार नाही."

"पप्पा, मी एकदाच जाणार आहे."

"बरोबर आहे बाळ, बरोबर आहे. यंत्राला काय कळतंय." तो उठला. "तू जेवून घे. तुला पोळी गरम देऊ का?"

अक्काला ते खटकलं. शिवानंदने आजवर पोरीला कधी 'गरम देऊ का' विचारलं नव्हतं. असं पाहुण्यांना विचारतात.

पुढचे आठ दिवस घर असंच विचित्र गोड झालं. चार्वीने गाडीची किल्ली हरवली, शिवानंद रागावला नाही. तिने मोठ्याने गाणी लावली, तो म्हणाला, लाव की. जाणाऱ्या माणसावर कुणी रागावत नाही. चार्वीला ते कळत होतं आणि ती चिडचिडी होत चालली होती.

"आत्ती, ते माझ्याकडे असं बघतात ना, जसं काही मी स्टेशनवरच उभी आहे," ती एके दुपारी वर येऊन म्हणाली. "मला यायचंय गं परत. मी खोटं नाही बोलले. मग चौदा कसे?"

"काय विचारलं होतं तुला?"

"की शिकून आल्यावर आमच्या धंद्यात काय करशील. मी सांगितलं, आधुनिकीकरण करीन, बाजारपेठ वाढवीन, परंपरेला नवं रूप देईन."

"आणि मसाल्यात धणे भाजून घालतात की कच्चे?"

"हे नव्हतं विचारलं."

"मी विचारतेय."

"...भाजून?"

अक्का हसली. पण हसता हसता तिला आपलंच हसू टोचलं. या पोरीला धण्याचं माहीत नाही, याला कारण कोण? पहिलीपासून हिचा अभ्यास अक्कानेच घेतला होता. 'चारूला कशाला हात लावू देऊ नका, ती शिकू दे' हे वाक्य या घरात पहिल्यांदा म्हटलं ते तिनेच. परीक्षा आली की टीव्ही मुका व्हायचा, शेडमधली माणसं हळू बोलायची, दुधाचा पेला टेबलावर जायचा. पोरीला कुणी साधी कोथिंबीर निवडायला सांगितली नाही. सगळ्यांनी मिळून, अगदी मायेने, तिला या घरातल्या प्रत्येक कामातून मोकळं केलं होतं. आता यंत्र म्हणत होतं, ही मोकळी आहे. त्यात त्याचं काय चुकलं?

सांगलीचे सल्लागार अभिषेक सर घरी आले, ते हसतमुखच.

"चौदा म्हणजे काही वाईट नाही. माझ्याकडे तीनवाले आलेत. आपण उपाय करू. साखरपुडा करून टाका. दहा-बारा अंक सहज चढतात."

"साखरपुड्याला बारा," सुवर्णा चहा ठेवत म्हणाली, "मग लग्नच लावून देऊ की. पंचवीस तरी येतील. वर एक नातू झाला तर डिस्टिंक्शन."

"मम्मी!"

"मी थट्टा करत नाही, मॅडम," सर म्हणाले.

"मीपण नाही. चहा घ्या आणि निघा."

ते गेल्यावर अक्काने निकालाचा कागद मागून घेतला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात तपशील होते. ते घरात कुणी वाचलेच नव्हते. तिने चष्मा सरसावून वाचले आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. 'साक्षीदाराच्या बोलण्यातील भविष्यात अर्जदाराचा उल्लेख: दोन वेळा.'

साक्षीदार शिवानंद होता. वीस मिनिटांत दोनदा.

ती शेडमध्ये गेली. शिवानंद चिरमुरे चाळत होता. मोठ्या परातीपाशी मालनताई बसली होती. गेली बावीस वर्षं भडंगाला मसाला लावायचा हात तिचाच.

"शिवा, उद्या सकाळी काय करणार आहेस?"

"उद्या होय? ब्याडगीहून मिरची येणार. तो ड्रायव्हर गल्लीत गाडी घालत नाही, कोपऱ्यावर हॉर्न मारत बसतो. त्याच्याशी आधी भांडायचं. मालनताईच्या सुनेचे दिवस भरलेत, ती उद्या यायची नाही कदाचित, म्हणजे परातीवर मीच. मला बसलं की कंबर धरते, तर ते उंच स्टूल..."

"बरं. आणि दोन वर्षांनी चारू परत आली की?"

"तेव्हा?" चाळण थांबली. "तेव्हा काय... चांगलंच होईल की. तिला आवडेल ते करेल."

अक्का तिथेच उभी राहिली. वर्गात ती अशीच उभी राहायची. उत्तर चुकलं असं ती कधी म्हणायची नाही, फक्त थांबायची. मुलाने आपलं वाक्य आपल्याच कानाने पुन्हा ऐकावं म्हणून.

शिवानंदने ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

"यंत्राला हेच सांगितलंस ना?"

"मग काय सांगायचं होतं? विचारलं, ती परत आली नाही तर? मी म्हटलं, तिची मर्जी, आम्ही बांधून ठेवणारी माणसं नाही. चुकलं काय माझं? पोरीच्या पायात बेडी घालू?"

"चुकलं नाही रे. पण तू तिला इतकं मोकळं सोडलंस की तुझ्या उद्यात ती उरलीच नाही. तिच्या उद्यात तू नाहीस, कारण तिला मी कधी खाली शेडमध्ये येऊच दिलं नाही. चौदातले निम्मे तुझे, निम्मे माझे. पोरीचा त्यात एकही नाही."

"आता आकडा आलाय. तो काय बदलतोय?"

"का नाही बदलणार? ढगांना सांगितलं की तुम्ही उद्या बरसणार आहात, तर ढगांना काही वाटत नाही. ते बरसायचे तसेच बरसतात. माणसाला त्याचं भविष्य सांगितलं की तो विचार करत बसतो, आणि विचार केलेला माणूस कालचा राहत नाही. यंत्राने कालच्या चारूला मोजलंय. तिला काहीतरी काम दे."

"खेळायला?"

"खेळायला नको. नासलं तर तुला रडू येईल, असं काम दे."

मालनताई मान खाली घालून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मालक, अख्खा मंगळवार द्या तिला. मंगळवारचा माल कराडला जातोय. नासला तर तुमच्याबरोबर मीपण रडते."

चार्वीला हे सांगितलं तेव्हा तिने भुवया आक्रसल्या. "म्हणजे यंत्राला फसवायचं?"

"ते फसत नाही, हीच तर अडचण आहे," अक्का म्हणाली. "म्हणून आपल्याला खरंच करावं लागणार."

पहिल्या मंगळवारी चार्वीने चार किलो लसूण सोलला आणि बोटं जळजळतात म्हणून अर्धा तास पाण्यात हात घालून बसली. मालनताई तिच्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमच्या पुस्तकात लसणाचा धडा नव्हता वाटतं."

"होता, पण सोललेल्या लसणाचा," चार्वी म्हणाली. त्यावर मालनताई इतकी हसली की परात हलली.

दुसऱ्या मंगळवारी तिने शोध लावला की, फोडणी लावल्यावर माल दोन तास नुसता पसरून ठेवतात आणि तेवढा वेळ चार माणसं बसून राहतात. तिने हिशेब मांडला, तक्ता केला, आणि तिसऱ्या मंगळवारी, शिवानंद सांगलीला गेलेला असताना आणि मालनताई मसाला लावून बाळंत सुनेकडे गेली असताना, सगळा माल लगेच पाकिटांत भरला. काम दुपारी दोनलाच संपलं. ती फार खूश होती. संध्याकाळी शिवानंद आला. त्याने एक पाकीट उचललं, कानाजवळ नेऊन दाबलं. आवाज आला नाही. दुसरं दाबलं. तिसरं.

आत वाफ धरली होती. साठ किलो भडंग कापसासारखं मऊ पडलं होतं.

चार्वीचे डोळे भरले. शिवानंदने तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "असू दे बाळ, असू दे. होतं असं."

"शिवा," मागून अक्का म्हणाली. "मालनताईने असं केलं असतं तर काय म्हणाला असतास?"

तो थांबला. मग त्याचा आवाज असा चढला की गल्लीतली दोन कुत्री उठून बसली. "माल गरम असताना पाकीट बांधतं का कुणी? विचारता येत नव्हतं? बावीस वर्षं ही बाई इथे बसलीय, तिला विचारलंस? तुझ्या तक्त्यात वाफेचा रकाना होता का? कराडच्या माणसाला उद्या मी काय तोंड दाखवू? तू फोन कर त्याला. तू! मी करणार नाही."

चार्वीने रडत रडत कराडला फोन केला. मग रडत रडतच जेवायला बसली आणि तीन पोळ्या खाल्ल्या. स्वयंपाकघरात सुवर्णा अक्काच्या कानाशी लागून म्हणाली, "महिन्याने आज पहिल्यांदा आमच्या घरचं वाटलं बघा." पोळी गार होती आणि गरम हवी का, हे कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर चार्वी फक्त मंगळवारी शेडमध्ये थांबेना. ती रोज जायला लागली. माल गार करायला खालून वारा सोडणारा जाळीचा पाट तिने गावातल्या लोहाराकडून करून घेतला. दोन तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं, आणि शिवानंदने पाकीट कानाजवळ नेऊन दाबलं, ते कुरकुरलं. पुढच्या दिवशी त्याने तसाच दुसरा पाट करायला सांगितला. पाकिटं भरायची खोली कुठे असावी यावरून बापलेकीचं रोज वाजू लागलं. सुवर्णा म्हणायची, तुमचं भांडण फोडणीत घाला, मसाला वाचेल.

एप्रिल अखेरीस चार्वी पुन्हा अक्काच्या खोलीत आली.

"आत्ती, एक विचारू? नाहीच गेले तर?"

अक्काला याचीच भीती वाटत होती. मोकळं सोडल्याची चूक सुधारता सुधारता आपण तिला दोरच तर नाही ना बांधला, हा प्रश्न गेले कित्येक दिवस तिचा पाठलाग करत होता.

"जायचं नाही का तुला?"

"जायचंय. उलट आता जास्तच. आधी मी तिथे जाऊन नुसती शिकले असते. आता माझ्याकडे विचारायला प्रश्न आहेत. ओलाव्याचा आहे, खोलीचा आहे, मालनताईचा हात यंत्राला कसा शिकवायचा आणि शिकवायचा तरी का, हा आहे." ती थोडं थांबली. "आधीही मला परत यायचंच होतं गं. पण कुठे यायचं, ते दिसत नव्हतं. आता दिसतंय. पण पप्पा काहीच बोलत नाहीत. ये म्हणत नाहीत, राहा म्हणत नाहीत. भांडतात फक्त."

"तू विचारलंस?"

"ते म्हणतात, तुझी मर्जी."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते कोल्हापूरच्या केंद्रात गेले. चार्वीचं आधी झालं. ती घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माहीत नाही. बडबडले खूप." मग साक्षीदाराला बोलावलं. सोबत एक वडीलधारं माणूस बसू शकतं, मात्र बोलायचं नाही, असा नियम होता. शिवानंदने अक्काकडे पाहिलं. लहानपणी टोचून घ्यायला जाताना बघायचा, तसंच.

खोली लहान होती. समोर पडदा, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. यंत्राचा आवाज बाईचा होता आणि त्यात कोल्हापूरकडचा हेल होता.

"नमस्कार, शिवानंदराव. आपण असं धरूया की, चार्वी शिकून परत आली. पहिला सोमवार उजाडलाय. काय दिसतंय तुम्हाला?"

"चांगलंच..." शिवानंदने सुरुवात केली आणि तो थांबला. त्याने मांडीवर हात पुसले. "सोमवारी भांडण होणार."

"कशावरून?"

"पाकिटं भरायची खोली. ती म्हणते रस्त्याच्या बाजूला करा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. मी म्हणतो धूळ येते. ती म्हणते काच लावा. मी म्हणतो काच पुसणार कोण? दोन वर्षं मी त्या खोलीला हात लावणार नाही, कारण तिचं खरं की माझं, हे ठरलेलं नाही. ती आली की पहिल्या सोमवारी मालनताईला पंच नेमून ठरवणार. मालनताई तिच्याच बाजूने बोलणार. फितूर झालीय. मग मी दिवसभर रुसणार. संध्याकाळी सुवर्णा दोघांना एका ताटात वाढणार, म्हणजे बोलावंच लागतं."

तो बोलत राहिला. लोहाराकडचा पाट, त्याची गंजणारी जाळी, ती बदलायला चार्वीलाच कसं पाठवायचं, कारण लोहार तिचंच ऐकतो. अक्का बाजूला बसून ऐकत होती. त्याच्या शब्दांतून ती शेड, ती खोली आणि त्यात वावरणारी एक दोन वर्षांनी मोठी झालेली चार्वी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती.

"तिने परत यावं, असं तुम्हाला वाटतं?"

शिवानंदने तांब्या उचलून दोन घोट पाणी घेतलं.

"वाटतं की."

"तिला सांगितलंय?"

"नाही."

"का?"

शिवानंद खाली बघत होता. "कारण ती ऐकेल. मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हा मला पुण्यात नोकरी लागली होती. आमचे आप्पा, म्हणजे वडील, म्हणाले, शिवा, परत ये. मी आलो. तक्रार नाही माझी. मला हा धंदा आवडतो, लसणाचा वास आवडतो. पण मी माझ्या मनाने आलो असतो का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता कळायचंही नाही. पोरीला तरी तिचं कळावं."

अक्काचा हात तोंडावर गेला. या भावाला तिने कडेवर खेळवलं होतं, त्याला बेरीज शिकवली होती. पुण्याची नोकरी तिला आठवत होती. त्याने ती सोडली तेव्हा 'घरची ओढ' म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं, तिनेही. हा प्रश्न त्याच्या पोटात इतकी वर्षं आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं; तिने कधी विचारलंच नव्हतं.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "आमचं झालं."

बाहेरच्या बाकावर चार्वी बसली होती. शिवानंद सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आजूबाजूला इतर मुलं, त्यांचे आईबाप, फाइली. त्याने कुणाकडे बघितलं नाही.

"एक चूक झाली," तो म्हणाला. "यंत्राला सांगून बसलोय, आणि तुला सांगितलं नाही. हे बरं नव्हे."

"काय?"

"तू परत यावीस, असं मला वाटतं. फार वाटतं. पण ही माझी इच्छा आहे. इच्छा ऐकून घ्यायची असते बाळ, पाळायचीच असं काही नसतं. तू तिकडे जा, बघ, शीक. मग तुला काय वाटतं ते तुझं तू बघ. तुला वेगळं वाटलं तर मी रडीन चार दिवस. पण ते रडणं माझं, तुझ्या डोक्यावर त्याचं ओझं नाही."

चार्वीने त्याच्या सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

"पप्पा, हेच फेब्रुवारीत बोलला असतात, तर मी तीन महिने लसूण सोलला असता का?"

"म्हणूनच नाही बोललो," शिवानंद म्हणाला, आणि बाकावरचे अनोळखी लोकसुद्धा हसले.

निकाल नवव्या दिवशी आला. सत्तेचाळीस. पस्तीस पुरेसे होते. सुवर्णाने देवापुढे साखर ठेवली, मालनताईने शेडमधून ओरडून विचारलं, "पास का नापास?" आणि उत्तर ऐकून परातीवर झारा वाजवला. चार्वी मैत्रिणींना फोन करत गच्चीवर गेली.

शिवानंद मात्र कागद घेऊन अक्काजवळ येऊन बसला.

"अक्का, मला नीट सांग. सत्तेचाळीस म्हणजे नक्की काय?"

अक्काने चष्मा पुसला. असा प्रश्न आला की तिचा आवाज अजूनही आपोआप वर्गातला होई. "म्हणजे असं बघ. आपल्या चारूसारखं बोलणाऱ्या, चारूसारखं घर असणाऱ्या शंभर मुली आधी गेल्या. त्यातल्या सत्तेचाळीस परत आल्या. त्रेपन्न आल्या नाहीत. आपली कुठल्या बाजूची, हे त्या यंत्राला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही. तिलाही नाही."

"म्हणजे निम्मंनिम्मं."

"जवळपास."

शिवानंद त्या आकड्याकडे बघत राहिला. वरून चार्वीचं हसणं ऐकू येत होतं. फोनवर ती कुणाला तरी मऊ पडलेल्या साठ किलोंची गोष्ट सांगत होती, आणि आता ती गोष्ट तिच्या तोंडून फार मजेशीर वाटत होती.

"त्या त्रेपन्न घरांतली माणसं काय करत असतील गं?" त्याने हळूच विचारलं.

अक्काला उत्तर सुचलं होतं. ते तिच्या ओठांवरही आलं होतं. पण तिने ते दिलं नाही. त्याने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. हळूहळू त्याच्या कपाळावरची आठी सुटत गेली.

"अक्का," तो म्हणाला, "माझा पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात?"